दोनशे सतरा नंबर घरी पोचला

तुमचा नंबर छातीला लावून दुसराच माणूस डोंगरात पळतो आहे आणि आयोजकांनी फोन करून विचारलं, 'आपण आत्ता कुठे आहात?', तर तुम्ही काय उत्तर द्याल? घाई करू नका. मी घाई केली होती.

मी हौशी धावपटू आहे. पाच दिवस खराडीच्या कंपनीत संगणकासमोर बसायचं आणि उरलेल्या दोन दिवसांत टेकड्यांवर पळायचं. पन्नास किलोमीटर, कधी ऐंशी, दगडांतून, घसाऱ्यावरून. बक्षीस बहुतेक मिळत नाही. पायाची नखं काळी पडून गळतात, ती मात्र दरवर्षी.

वडील कारखान्यात कामगार होते, संघटनेचे. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. 'ब' बोनसचा आणि 'ट' टाळेबंदीचा, असा मी वाचायला शिकलो. वडिलांचा एक नियम होता. पत्रक कितीही जहाल असो, खाली जबाबदार माणसाचं नाव हवं. नाव नसलं की ते कागद परत करत म्हणायचे, "ह्यात शेंगदाणे बांधा."

आमच्या कंपनीच्या गेटवर एक रखवालदार होते. चाळिशीचे, वाशिमकडचे, विश्रांतवाडीत एका खोलीत बायको आणि दोन मुलींसह राहणारे. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला सर. ड्यूटी बारा तासांची, ती पूर्ण उभ्याने. खुर्ची नव्हती. सिमेंट आणि काच यांनी झळाळणाऱ्या त्या इमारतीत माणसाला टेकायला एक खुर्ची नव्हती, कारण बसलेला रखवालदार परदेशी पाहुण्यांना बरा दिसत नाही म्हणे. मी संतापून सगळ्या कर्मचाऱ्यांना मेल लिहिला होता. नव्या खात्यावरून, खाली 'एक कर्मचारी' अशी सही करून. वडिलांना वाचून दाखवला तर त्यांनी विचारलं, "खाली नाव कोणाचं?" मी म्हणालो, नोकरी जाईल. ते पेपर वाचू लागले.

दादा तरुणपणी पोलीस भरतीसाठी पळाले होते. तीनदा धावण्यात पास, तीनदा उंचीत नापास. एका रविवारी मी त्यांना टेकडीवर नेलं. कापडी बुटांत त्यांनी मला चढावर मागे टाकलं आणि वर जाऊन माझी वाट बघत उभे राहिले. सवयीने, उभेच. मग दर रविवारी आम्ही बरोबर पळू लागलो.

त्या वर्षी शहराच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत पन्नास किलोमीटरची शर्यत होती. माझं नाव नोंदवलेलं होतं आणि नेमकं त्याच रविवारी कंपनीत कामाचं हस्तांतर आलं. आम्हा पळणाऱ्या लोकांत अशा वेळी काय करतात ते सांगतो. ग्रुपवर संदेश टाकतात, 'नंबर देणे आहे, टी-शर्ट मध्यम.' नियमात हे बसत नाही, सापडलं तर काही वर्षं बंदी येते, पण सगळे करतात. मला तर त्यात तत्त्वही सापडलं. ह्या शर्यती फक्त आमच्यासारख्या पगारदारांच्या मालकीच्या का? डोंगर काय आमच्या बापाचे आहेत?

दादा कचरत होते. "तुमच्या नावानं पळू काय जी मी? काही गडबड झाली तर?"

"काय होणार? विचारलं तर माझं नाव सांगा. पाण्याच्या टप्प्यावर जास्त थांबू नका, कोणाशी बोलू नका."

"अन् वाट चुकली तर?"

त्यांना मी नवख्यांना सांगतात तो नियम सांगितला. वाटेवर झुडपांना लाल फिती बांधलेल्या असतात. फीत दिसली की पुढे जायचं. दिसेनाशी झाली की अंदाजाने पुढे जायचं नाही, शेवटची फीत सापडेपर्यंत मागे फिरायचं. त्यांनी तो माझ्यासमोर दोनदा म्हणून दाखवला. नंबराच्या कागदामागे रक्तगट आणि घरचा फोन लिहायचा असतो. तिथे माझा रक्तगट होता आणि माझ्या वडिलांचा फोन. तो बदलायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

रविवारी मी कंपनीत होतो. ऑक्टोबरचं ऊन काचेबाहेर होतं, आत थंडगार. शेजारचा म्हणाला, "काय रे, आज पायांना सुट्टी, बोटांची शर्यत?" अकराच्या सुमाराला फोन आला. शर्यतीतली एक स्वयंसेवक मुलगी बोलत होती.

"सर, आपला नंबर दोनशे सतरा ना? दुसऱ्या टप्प्यावर आपली नोंद आहे, तिसऱ्यावर नाही. आपण आत्ता कुठे आहात?"

मला वाटलं, दादा माझ्याच सूचनेप्रमाणे न थांबता टप्पा पार करून गेले असणार. आणि बंदीही आठवली. हे दोन्ही विचार एका क्षणात आले, पण आधी बंदी आली. खोटं लिहीत नाही.

"मी सोडली शर्यत. पाय मुरगळला. घरी पोचलो."

"बरं झालं सांगितलंत. तुमच्यासाठीच थांबलो होतो. आता आमची शेवटची माणसं फिती काढत निघतील."

शर्यतीच्या शेवटी दोन माणसं सगळ्यांच्या मागून चालतात आणि फिती सोडवून पिशवीत भरतात. डोंगरात कचरा राहू नये म्हणून. चांगली पद्धत आहे. ती मुलगी फितींचं वाक्य बोलली, मी ते ऐकलं आणि फोन खाली ठेवून काम करू लागलो.

दादांच्या पायात गोळे आले होते. वाटेपासून थोडं खाली, एका ओढ्यात सावली बघून ते बसले, तिथेच त्यांना ग्लानी आली. डोळे उघडून वर आले तेव्हा झुडपं होती, फिती नव्हत्या. त्यांच्या घरात एकच फोन होता, तो बायकोपाशी होता. मग त्यांनी मी सांगितलेलं केलं. पुढे गेले नाहीत. शेवटची फीत सापडेपर्यंत मागे फिरले. मागे एकही फीत उरली नव्हती, म्हणून ते मागेच जात राहिले. उन्हात, पाण्याशिवाय, ज्या टेकड्या चढून आले होते त्या पुन्हा चढत. सरळ पुढे उतरले असते तर अर्ध्या तासावर गाव होतं.

दुपारी चारला गवत कापायला आलेल्या एका बाईला ते पडलेले दिसले. तिच्या मुलाने छातीवरचा कागद उलटून फोन लावला.

वडिलांचा मला फोन आला. आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा. "तू कुठे आहेस?"

"ऑफिसात."

मग म्हणाले, "मग तुझं नाव लावून डोंगरात पडलाय तो कोण?"

रुग्णालयात पोचलो तेव्हा दादांची बायको बाहेर बाकावर बसली होती. तिला तासभर आधीच मीच फोन केला होता. ती म्हणाली, "ते म्हणतेत, या नावाचा माणूस इथं नाही." माझं नाव लिहिलेली फाइल आत होती, त्यावर माझा रक्तगट होता. खिडकीवरच्या गृहस्थांना मी खुलासा केला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "अहो, आपण इथे उभे आहात आणि आपण आत बेशुद्धही आहात. एक काय ते ठरवा."

दादा वाचले. उन्हात पाण्यावाचून राहिल्याने मूत्रपिंडं वाचली नाहीत. आता आठवड्यातून दोनदा त्यांना यंत्राला जोडतात. कंपनीला रखवालदार पुरवणाऱ्या ठेकेदाराने त्यांना कामावरून काढलं. गेटवर आता खुर्ची आली आहे, तिच्यावर दुसरे कोणी बसतात.

आठव्या दिवशी ते नीट बोलू लागले. पहिला प्रश्न विचारला, "सर, फिती कोणं नेल्या जी?"

वडील माझ्यामागे उभे होते. मी सगळं सांगितलं, फोनसकट, बंदीसकट. दादा छताकडे बघत ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मी तवाच घरी पोचलो होतो म्हणा."

आयोजकांना मी लेखी कळवलं. बंदी आली. ती काही शिक्षा नव्हे, आणि तिने माझ्या मनाला बरं वाटावं असं मी होऊ देणार नाही. दादांच्या नोकरीसाठी आणि उपचारांसाठी आम्ही ठेकेदाराविरुद्ध लढतो आहोत. त्यासाठी काढलेल्या पत्रकाखाली माझं पूर्ण नाव आहे. वडिलांनी ते वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

तुम्ही पळत असाल तर एक करा. आज घरात पडलेला तुमचा पुढच्या शर्यतीचा नंबर काढा आणि उलटा करा. जो माणूस तो खरोखर छातीला लावणार आहे त्याचं नाव, त्याचा रक्तगट आणि त्याच्या घरचा फोन तिथे लिहा. दुसऱ्याला दिला असेल तर आयोजकांना आत्ताच फोन करून सांगा. बंदी येऊ द्या. अजून फिती झाडांवर आहेत.