कागदावरचे निर्व्यसनी

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला दारूवर एकच तास मिळाला. शिकवणाऱ्या सिस्टर 'दारू' हा शब्द तोंड आल्यासारखा उच्चारायच्या. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत हात कापतात, घाम फुटतो, नसलेलं दिसू लागतं, झटके येतात, आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस जातो. म्हणून भरती करतानाच विचारा, असं त्यांनी बजावलं. आम्ही वहीत उतरवून घेतलं, खाली लाल रेघ मारली आणि वॉर्डात जाऊन विसरलो.

विसरलो हेही खोटंच. आम्ही माणूस बघून लिहायचो. एकोणीसशे साठचं दशक, राज्यात दारूबंदी. त्यामुळे जळगाव-धुळ्यात कोणीच पीत नव्हतं, वास तेवढा यायचा. केसपेपरवर 'व्यसन' असा रकाना असे. पांढरी टोपी आणि स्वच्छ धोतर दिसलं की न विचारता 'नाही', हमाल दिसला की न विचारता 'दारू'. भल्या घरच्या माणसाला भावांदेखत असलं विचारायचं म्हणजे काय! हा शहाणपणा सिस्टरांनी शिकवला नव्हता, तो आम्ही आपापल्या घरूनच आणला होता.

भडगावकडचे एक मोठे शेतकरी बैलगाडीवरून पडून मांडीचं हाड मोडून घेऊन आले. सगळे त्यांना आबा म्हणत. गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष. बरोबर दोन भाऊ, आणि डोक्यावरून पदर ओढून दाराशी बसलेली बायको. मी पेन उघडते न उघडते तोच धाकटा भाऊ म्हणाला, "आबा सुपारी बी खात नही." मी वळणदार अक्षरात 'निर्व्यसनी' लिहिलं. माझ्या अक्षराचा मला फार माज होता. शेजारच्या खाटेवर कापसाच्या जिनातला हमाल होता. त्याच्या कागदावर 'दारू' मीच लिहिली होती. तो बिचारा देवाच्या शपथा घेत होता आणि आम्ही दर चार तासांनी त्याचे हात कापतात का ते बघत होतो.

हात कापले ते आबांचे. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ते चादरीवरच्या मुंग्या झटकू लागले. मुंग्या नव्हत्याच. हाड जुळावं म्हणून वजन लावलेला पाय ओढून उठायला बघत होते. डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात गेला. भावांना बाहेरची बाधा वाटली, एक जण लिंबू आणायला धावलासुद्धा. दारूबंदीच्या अध्यक्षाला दारू हवी असेल हे कोणाला सुचलं नाही, की सुचूनही कोणी बोललं नाही? मला अजून यातलं दुसरंच खरं वाटतं.

मी पाणी भरायला नळावर गेले, तर त्यांची बायको मागून आली.

"ताई, मालक रोज दारू पेतस. दहा वरीस व्हयनात. मन्हं नाव सांगू नका."

मी पळत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. मग इंजेक्शनं, सलाइन, आणि चार दिवसांनी आबा माणसांत आले. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की त्या बाईला साधं विचारायचंही राहिलं, इतकी वर्षं हे सगळं एकटीने कसं काढलंत म्हणून.

मग भाऊ डॉक्टरांच्या खोलीत गेले. कागदावर काही यायला नको. गावात तोंड दाखवायचं आहे, मुलींची लग्नं व्हायची आहेत. डॉक्टर लगेच विरघळले. मला बोलावून कोरा केसपेपर हातात दिला, म्हणाले, "तुमचं अक्षर छान आहे, हा नव्याने लिहून काढा." मी लिहिलं: तापामुळे भ्रम. व्यसन नाही. मला कोणी धमकावलं नाही की हात धरून लिहवून घेतलं नाही. मी त्या कौतुकासाठी लिहिलं. दारूची नोंद असलेला आधीचा कागद फाडला. आबांना दारूबद्दल कोणी चकार शब्द सांगितला नाही, कारण निर्व्यसनी माणसाला दारू सोडायला सांगणार कसं?

वर्षाच्या आत आबा हर्नियाच्या ऑपरेशनला पुन्हा आमच्याकडे भरती झाले. मी तेव्हा बाळंतिणींच्या वॉर्डात होते, मला पत्ताही नव्हता; आधीचे डॉक्टरही बदलून गेले होते. बायको लेकीच्या बाळंतपणाला धुळ्याला गेलेली. नव्या विद्यार्थिनीने गेल्या खेपेचा, मी लिहिलेला केसपेपर काढला आणि त्यातलं जसंच्या तसं उतरवलं. तिसऱ्या दिवशी आबांना कापरं भरलं, ते असंबद्ध बोलू लागले. मागच्या वेळी तापाने असंच झालं होतं, तसं माझ्या सुरेख अक्षरात लिहिलेलंच होतं. म्हणून नवे डॉक्टर त्यांना तापाचंच औषध देत राहिले. चौथ्या दिवशी सकाळी झटके येऊन आबा गेले.

बायको दुपारच्या एसटीने आली. भाऊ गाडीची व्यवस्था बघत होते. ती मला शोधत आमच्या वॉर्डाच्या दाराशी येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर खाली आलेला, आणि तो तिने सावरला नाही. ती रडत नव्हती, भांडायलाही आली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून विचारत होती.

"ताई, तुम्हले तं मी सांगेल व्हतं ना?"

"हो," मी म्हणाले. मी ते कुठेतरी लिहून ठेवलं असेल, असं तिला वाटत होतं.