पार्किंगमधलं पुण्यानुमोदन

सभागृहाला कुलूप होतं. आई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनासाठी, आम्हा बौद्धांच्या श्रद्धांजलीच्या विधीसाठी, मोहर्लीकडून सकाळच्या बसनं आलेली माझी माणसं पांढऱ्या कपड्यांत बाहेर उभी होती.

चंद्रपुरातली आमची सोसायटी. सभागृह सगळ्या फ्लॅटवाल्यांचं. बारशी, हळदी तिथंच होतात. मी आठ दिवस आधी अर्ज दिला होता, पोच घेतली होती. सेक्रेटरींना फोन केला. म्हणाले, "मॅडम, तिथं देवघर आहे. मेंबरांची हरकत आली. पार्किंगमध्ये करून घ्या नं."

दोन मोटारींच्या मधे सतरंजी टाकली. बुद्धवंदना सुरू झाली आणि एकाला गाडी काढायची होती. आम्ही उठलो. म्हातारा मामा आईचा फोटो छातीशी धरून भिंतीला टेकला.

"बाई, फ्लॅट तं तुयाच नावावर हाये म्हनत होती तू."

गाडी गेल्यावर मी सतरंजी पुन्हा अंथरली.

दुसऱ्या दिवशी हरकतीचा कागद मागून पाहिला. पाच सह्या. पहिली समोरच्या काकूंची.

मी नर्स आहे. काकूंचे यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा वर्षभर ड्यूटीवरून आधी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पाठीच्या जखमा धुतल्या. काकू म्हणायच्या, तू माझी लेकच. मी खरं मानलं. आईलाही कौतुकानं सांगितलं होतं.

मी बेल वाजवली. काकूंनी जाळीचं दार उघडलं नाही.

"सगळ्यांनी केली म्हणून मीही केली. तुमच्या लोकांचं वेगळं असते नं."

"सगळ्यांच्या आधी तुमची सही हाये, काकू."

त्या आत निघून गेल्या. वर्षभर मी त्या घरात कोण होते, ते त्या दिवशी कळलं.

महिन्याभरानं सोसायटीची सभा झाली. सेक्रेटरींनी तोडगा लिहूनच आणला होता. तुमच्या कार्यक्रमांना गच्ची देतो, सभागृहाचा विषय संपवा. काकू म्हणाल्या, घेऊन टाक, कशाला वाढवते. सगळे माझ्या सहीची वाट पाहत होते.

उभी राहिले.

"गच्ची सगळ्यांची हाये. सभागृहबी सगळ्यांचं हाये. मले वेगळी जागा नाई पायजे."

माझा नकार इतिवृत्तात लिहायला लावला. वाचून घेतला, मगच सही केली. दुसऱ्याच दिवशी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांच्या कार्यालयात तक्रार दिली.

आता तारखा पडतात. काकू लिफ्टमध्ये मान फिरवतात. सेक्रेटरींचा निरोप येतो, तक्रार मागे घ्या, आपसात मिटवू. आपसात कसं मिटवतात ते मी पाहिलं आहे. आता जे व्हायचं ते कागदावर, नावानिशी, सगळ्यांसमोर.

तक्रार मागे घेणार नाही.