सारख्या मापाचे दोन पंखे

आमच्या भावोजींना बोलणं जमत नाही. आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. कुणाच्या घरी गेले की माणसांची विचारपूस राहायची बाजूला, दारातूनच सांगायचे, "तुमच्या लिफ्टचा ब्रेक घासतोय." अशा माणसाबरोबर ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, संसार कसा केला हे मला कोडंच होतं. मी त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे ते कोडं मला रोज पडायचं.

ताई शिवणकाम करायची. समोरच्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता आहे हे तिला टेप न लावता दिसायचं, आणि ती ते तोंडावर सांगायचीही. मग तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पाय हळूहळू वळणावर आला. डावा हात मात्र मांडीवर पडून राहायला लागला. व्यायाम घ्यायला एक बाई यायची. तिने दाबायला मऊ चेंडू दिला, तो ताईने उजव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. "मी काय तान्हं बाळ आहे?" जाताना त्या बाईने दारात भावोजींना हळू आवाजात सांगितलं, की हेच महिने महत्त्वाचे आहेत. आत्ता हात वापरला नाही तर तो असाच राहील.

त्यावर भावोजींनी काय करावं? ते बोट बांधायला बसले.

रेडिओवर चालणाऱ्या छोट्या बोटी हा त्यांचा जुना नाद. पण आतापर्यंतच्या बोटींना एक मोटर असायची आणि वळायला सुकाणू. या नव्या बोटीला दोन मोटरी होत्या आणि सुकाणू नव्हतंच. जेवणाच्या टेबलावर वायरींचं जंजाळ, घरभर सोल्डरचा वास. दोन मोटरींना वेग सांभाळणारे दोन वेगळे कंट्रोलर. ते दोन्ही एकाच वेळी रिमोटचे इशारे पकडणाऱ्या रिसीव्हरला वीज पुरवायला लागले आणि बोट टेबलावरच थरथरायला लागली, तेव्हा भावोजींनी एकाची लाल वायर प्लगमधून काढून टाकली. मग टबात सोडली तर दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरत होते आणि बोट एका अंगाला ओढत होती. प्रोपेलरला ते पंखाच म्हणतात. तेव्हा एका मोटरच्या वायरी उलट जोडून तिला उलट्या पात्यांचा पंखा बसवला. "मी इथे पडलेय आणि यांना खेळ सुचतोय," ताई मला म्हणाली. मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर माझंही डोकं तापलं होतं.

बोट तयार झाल्यावर त्यांनी रिमोट पट्ट्याने ताईच्या गळ्यात अडकवला. "डाव्या अंगठ्याने डावी मोटर, उजव्याने उजवी," ते म्हणाले. "दोन्ही दांडे सारखे पुढे ढकलले तरच सरळ जाते. मला काही जमत नाही. तू बघ."

त्यांना जमत नव्हतं ही शुद्ध थाप होती. पण तोवर ताईला कळलं होतं की ही बोट कशासाठी आहे. ती चिडली, आणि चिडली म्हणूनच बागेतल्या तळ्यावर यायला तयार झाली. उजवा अंगठा दांडा पार टोकाला न्यायचा, डावा अर्ध्यावरच लटपटायचा. बोट डावीकडे वळून गोल गोल फिरायची. बाकावरची माणसं आधी कौतुकाने बघायची, मग नजर दुसरीकडे वळवायची. ताई ओठ चावून रोज बसायची आणि बोट रोज गोलच फिरायची.

भावोजींना ते बघवेना. एके दिवशी बोट जवळजवळ सरळ गेली, थेट तळ्याच्या पलीकडच्या कठड्याला जाऊन टेकली. ताईने त्या दिवशी ओळखीतल्या झाडून सगळ्यांना फोन केले. "हात आला माझा," ती सांगत सुटली. मी तिच्या गळ्यात पडून रडले. भावोजी स्वयंपाकघरात कप विसळत उभे होते, बाहेर आलेच नाहीत. मला वाटलं, आहेच हा माणूस घुम्या.

पुढच्याच संध्याकाळी ताई बोट मांडीवर उलटी घेऊन पुसत होती. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"हे पंखे जोडीचे नाहीत," ती म्हणाली. "उजवा लहान आहे. कधी बदललात?"

उजव्या बाजूचा जोरही डाव्याइतकाच कमी पडेल असा बारका पंखा भावोजींनी गुपचूप बसवला होता.

"अगं, तुला जरा बरं वाटावं म्हणून."

"मला बरं वाटून घ्यायचं नव्हतं. मला बरं व्हायचं होतं. आता त्या सगळ्यांना काय सांगू?"

मीही मग भावोजींवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. त्यांनी जुना पंखा परत बसवला आणि रोज संध्याकाळी एकटेच बोट घेऊन तळ्यावर जायला लागले. ती पाण्यात न सोडता तशीच कोरडी परत आणायचे. हे मला दिसत होतं, ताईलाही दिसत होतं. शेवटी एका संध्याकाळी तिने चपला घातल्या आणि म्हणाली, "चला."

पुन्हा गोल गोल. पण हळूहळू तो गोल मोठा होत गेला. आधी पायऱ्यांपाशीच फिरणारी बोट मधल्या खांबापर्यंत जायला लागली, मग त्याच्याही पुढे. ताई एकदाही हसली नाही. आणि मग एक दिवस बोट निघाली ती डावीकडे वळलीच नाही, नाकासमोर जाऊन पलीकडच्या कठड्याला टेकली. मी टाळ्या वाजवायला हात उचलले. ताईने मला नजरेनेच थांबवलं. तिने बोट परत काठाला आणली.

"उलटी करा."

भावोजींनी उलटी केली. ताईने दोन्ही पंखे बोटांनी चाचपले. तेवढ्याने भागेना, पिशवीतून टेप काढून मापले. सारखे निघाले.

"मोटर बदलली?"

"नाही."

"रिमोटमध्ये काही केलंत?"

"नाही गं."

"झाकण उघडा."

त्यांनी झाकण उघडलं. तिने एकेक वायर पाहिली, कंट्रोलर पाहिले, मला पाहायला लावले. भावोजी चोरी पकडलेल्या माणसासारखे बाजूला उभे. मग तपासायला काही उरलं नाही. ताई आपल्या डाव्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे मीच नेली," ती म्हणाली.

भावोजींनी मान डोलावली.

"तुम्ही त्या दिवशी तो पंखा बदलला नसतात," ती म्हणाली, "तर बोट टेकली तेव्हाच मला हे कळलं असतं." आणि ती रडायला लागली.