पूर्वेला मोकळी जागा

रुपरावांचं अर्धं आयुष्य वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामांत ट्रकांचा माल उतरवून घेण्यात गेलं. कोणता ट्रक कुठे लावायचा यावरून त्यांनी भल्याभल्या ड्रायव्हरांशी भांडणं केली आणि बहुतेक जिंकलीही. पण गेला महिनाभर कॉम्प्युटरपुढे त्यांचं काही चालत नव्हतं.

काम तसं साधं होतं. मोठा मुलगा सुशील गेल्यावर त्याची बायको हर्षा सासऱ्यांजवळच राहिली. धाकटा अंकुश पुण्याहून आला की घर विकून टाकू म्हणतो. आपण डोळे मिटले की हा हर्षाला घरात टिकू देणार नाही, हे रुपरावांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून हयातीतच घराचं बक्षीसपत्र तिच्या नावानं करायचं त्यांनी ठरवलं. पण आता कागद घेऊन उठलं आणि ऑफिसात गेलं, असं राहिलेलं नाही. दस्ताची सगळी माहिती आधी ऑनलाइन भरायची. ती पास झाली की मगच नोंदणीची तारीख मिळते.

चौकातल्या सेंटरवर दिपाली फॉर्म भरून द्यायची. ओटीपी येईपर्यंत लाइट जायची, लाइट येईपर्यंत पान पुन्हा पहिल्यापासून. तेही रुपरावांनी दातओठ खात सोसलं. खरं घोडं अडलं ते चतुःसीमेपाशी, म्हणजे घराच्या चारही बाजूंना कोण-काय ते लिहिण्यापाशी.

"पूर्वेले कोन राह्यते, काकाजी?"

"कोनी नाही. मोकळी जागा लिही."

मोकळी जागा कसली! पूर्वेला बळीरामांचं, म्हणजे रुपरावांच्या सख्ख्या मोठ्या भावाचं घर होतं. नालीच्या पाण्यावरून दोघांचं बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद. रुपराव भावाचं नाव घेत नसत. घ्यावंच लागलं तर 'तिकडचा' म्हणत. कुणाचं लग्न असलं की दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसत. आता ते नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं, म्हणजे नाक खाली करणंच.

माहिती पोर्टलवरून परत आली. शेरा होता: जुन्या खरेदीखतात पूर्वेला घर दाखवलंय, तेव्हा शेजाऱ्याचं नाव आणि घर नंबर टाकून पुन्हा भरा. रुपराव दिपालीवरच खेकसले.

"माह्या बाजूले कोन राह्यते, त्याच्याशी त्या मशीनले काय करायचं आहे? घर माहं, देनारा मी."

"मी काय करू, काकाजी? तुमी सांगता तेच मी भरते."

दुसऱ्यांदा त्यांनी 'रस्ता' लिहायला लावलं. तेही परत आलं.

त्या दुपारी हर्षा म्हणाली, "मामाजी, राहू द्या. मी मायकडे मौद्याले चालली जाईन. माह्यासाठी तुमच्या जिवाले ताप नको." आवाज शांत होता, पण कपाटावरची बॅग खाली आलेली होती. रुपरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. राग हर्षावर नव्हता. कुणावर होता, हेच त्यांना उमगेना. ते तसेच चप्पल घालून बाहेर पडले.

दार बळीरामांनीच उघडलं.

"घराचा नंबर पाहिजे होता. फॉर्मात टाकाले," रुपराव उंबरठ्याबाहेरूनच म्हणाले.

बळीरामांनी कसला फॉर्म, कशाला, काही विचारलं नाही. घरटॅक्सची पावती आणून हातात दिली. रुपराव वळले, तेव्हा मागून म्हणाले, "आतमंधी नाही येत काय गा?"

"सेंटर बंद होईल."

दिपालीनं नाव टाकलं, नंबर टाकला, तसं पुढचं पान मुकाट्यानं उघडलं. काही दिवसांत तारीखही मिळाली. हर्षानं बॅग पुन्हा वर ठेवली आणि सहज विचारलं, "मोठे मामाजी काही बोलले काय?"

"आत ये म्हने."

"मंग?"

"सेंटर बंद होईल म्हटलं."

सेंटर रात्रीपर्यंत उघडं असतं, हे हर्षाला ठाऊक होतं. रुपरावांनाही ठाऊक होतं, आणि त्या पोर्टलचा आला नसेल एवढा राग त्यांना स्वतःचा आला.