फाटलेला डग्गा
परवा नोएडातल्या स्टुडिओत नवे मॉनिटर स्पीकर बसवले आणि ते तपासायला मी आमचाच भक्तिगीतांचा जुना अल्बम लावला. तबल्याच्या पहिल्याच ‘घे’ या बोलाला डग्गा चरचरला. पंधरा वर्षांपूर्वी दिल्लीत मुनिरकातल्या तळघरातल्या स्टुडिओत, ओल्या भिंतींच्या वासात, निर्माता, तबलजी काका आणि ध्वनिमुद्रण करणारा मी हेच ऐकत बसलो होतो. ‘ये क्या फट रहा है, यार?’ निर्मात्यानं विचारलं. गाणं इतरांच्या गाण्यांपेक्षा मोठं वाजावं म्हणून रेकॉर्डिंग झाल्यावर शेवटी मीच आवाज नको इतका चढवला होता, म्हणून तो फाटत होता. पण मी म्हणालो, ‘डग्गा.’ फौजेतून निवृत्त झालेल्या काकांनी मांडीजवळच्या डग्ग्याच्या कातडी पुडीवरून बोटं फिरवली. ‘पुडी नवीकोरी आहे रे, फाटेल कशी?’ मग हसून म्हणाले, ‘असेल बाबा, तुझे कान तरुण.’ त्यांनी पुडी बदलून घेतली, तरी निर्मात्यानं त्यांना पुन्हा बोलावलं नाही. काल मूळ रेकॉर्डिंग शोधून काढलं. त्यात तो डग्गा स्वच्छ घुमतो. लगेच काकांना फोन लावला. ‘रविवारी येतोय, घरच्या सगळ्यांना थांबवून ठेवा.’ ‘अरे, एवढं काय आहे?’ ‘तुमचा डग्गा कधीच फाटला नव्हता, काका. आवाज मी फाडला. हे मला सगळ्यांदेखत सांगायचंय.’