भरीत खाऊन उठवलेली बंदी

माझा स्वभाव संशयी. घरात दूध कमी भरलं तर मी आधी गवळ्याकडे बघतो, मग मांजराकडे आणि शेवटी घरातल्या माणसांकडे. वकिलीत या स्वभावाचं चीज झालं, त्यामुळे तो सोडायचं कधी कारणच पडलं नाही. बायको म्हणायची, तुम्ही देवळात गेलात तरी आधी चपलांकडे बघता. बघतो. चपला जातात.

लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. जळगावच्या आमच्या क्लबात कुणा बदली झालेल्या साहेबाने मागे ठेवलेलं बिलियर्डचं टेबल होतं आणि त्यावर आम्ही वकील, डॉक्टर, कापसाचे व्यापारी संध्याकाळी स्नूकर खेळायचो. खेळायचो म्हणजे हिरव्या कापडाला भोकं पाडायचो. हिवाळ्यात धुळ्याच्या क्लबाशी सामना असे. त्यात आम्हा सभासदांचे डाव नुसते नावाला. लोक थांबत ते शेवटच्या डावासाठी, कारण तो दोन्ही क्लबांच्या पगारी मार्करांमध्ये होई. मार्कर म्हणजे एरवी गुण मांडणारा, काठ्यांना खडू लावणारा, नव्या सभासदांना शिकवणारा माणूस. त्या एका दिवशी मात्र अख्ख्या क्लबाचं नाक त्याच्या हातात असायचं.

आमचा मार्कर धुळ्याकडच्या एका खेड्यातला होता. अंगाने काटकुळा, बोलणं कमी आणि काठी हातात घेतली की डोळ्यांची उघडझापसुद्धा मोजकी. असा खेळाडू अख्ख्या खानदेशात नव्हता. आणि याच माणसाने एका सामन्यात मुद्दाम डाव घालवला. क्लबातल्या एका शेठने त्याच्याविरुद्ध पैज लावली होती आणि त्यालाच हरायला सांगितलं होतं. पुढे शेठनेच गप्पांच्या भरात फुशारकी मारली, म्हणून ते उघडकीला आलं. मार्करने विचारल्याबरोबर कबूल केलं. दोन्ही क्लबांनी ठराव करून त्याला सामन्यातून कायमचं बाद केलं आणि नोकरीही गेली. शेठला काय झालं? काही नाही. शेठ सभासद होते, आणि बंदी सभासदांना नसते, नोकरांना असते. तेव्हा माझं डोकं असं फिरलं होतं की महिनाभर मी क्लबाची पायरी चढलो नाही.

मार्कर मग एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला लागला. मध्ये काही हिवाळे गेले. धुळेकर दर वेळी आम्हाला धूळ चारत होते आणि आमचे सभासद दर वेळी टेबलाला दोष देत होते. अशात एक दिवस मार्कर क्लबाच्या सगळ्या कमिटीला आमंत्रण द्यायला आला. नशिराबादेच्या बाजूला ओळखीच्या शेतात त्याने भरीत करायचं ठरवलं होतं.

हिवाळ्यात खानदेशी माणसाला भरताचं आमंत्रण आलं की तो कुणाकडून आलं हे विचारत नाही. घरी सोवळं पाळणारेसुद्धा शेतात बसले की जात विसरतात आणि गावात परतले की त्यांना ती आठवते. सगळे गेले. कमिटीतला म्हणून मीही गेलो, पण मला पहिल्यापासून वास येत होता आणि तो वांग्यांचा नव्हता. जिनिंगमधला हमाल कमिटीला जेवायला का घालतो? कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी उतरत होत्या, आणि तो कुणालाच वाढू देत नव्हता. प्रत्येकाच्या पानावर स्वतःच्या हाताने वाढत होता. मी पोट बिघडल्याचं सांगितलं आणि ताकावर राहिलो. क्लबाचे सेक्रेटरी असलेले आमचे डॉक्टर बोटं चाटत मला म्हणाले, "वकील, तुमच्या पोटालासुद्धा संशय येतो."

पुढच्या रविवारी मार्कर धुतलेलं धोतर नेसून, आपली जुनी काठी घेऊन थेट टेबलापाशी येऊन उभा राहिला. डॉक्टर कडाडले, "तुला आत कुणी सोडलं?"

तो शांतपणे म्हणाला, "बठ्ठासनी मना हातनं खादं ना? मग आते बंदी कसानी?"

सगळे त्याच्या हातचं जेवले, मग बंदी कसली, असा त्याचा सवाल. लोक खो खो हसले. मला हसू आलं नाही, कारण माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या गावात जातीने एखाद्याला वाळीत टाकलं आणि पुढे परत घ्यायचं ठरलं, की तो सगळ्यांना जेवण घालतो. लोक त्याच्या हातचं जेवले की मिटलं. वेगळा ठराव नाही की सही नाही. जेवण हाच निकाल. त्याने कमिटीला पंच धरलं होतं, आणि कमिटीने त्या जेवणाला नुसतं फुकटचं भरीत धरलं होतं.

आता हा भाबडेपणा होता की बनेलपणा? क्लब म्हणजे जात नव्हे, हे इतकी वर्षं साहेबलोकांत वावरलेल्या माणसाला खरंच कळत नव्हतं? मी त्याच्या तोंडाकडे खूप वेळ बघितलं. काही हाती लागलं नाही. पण हसणाऱ्यांचा मात्र मला भयंकर राग आला. मी म्हणालो, "मी एकटाच जेवलो नाही, तेव्हा नाही म्हणायचा हक्क माझा एकट्याचा आहे. तुम्ही कोणत्या तोंडाने म्हणता? आणि मी नाही म्हणत नाही."

बंदी उठली. धुळ्याच्या क्लबानेही मान डोलावली. माझ्या भाषणाचा परिणाम झाला असं डॉक्टर म्हणाले. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. धुळ्याकडून हरायचा कंटाळा आला होता, एवढंच खरं.

सामना त्या वर्षी धुळ्यात होता. मी मुद्दाम अशी खुर्ची धरली की एका बाजूला मार्करचं तोंड दिसावं आणि दुसऱ्या बाजूला शेठचे हात. शेठ पुढच्याच रांगेत पान चघळत बसले होते. मार्कर धुळ्याकडचा, खेळणार जळगावकडून, आणि समोर शेठ. या तिन्ही गोष्टींची बेरीज मला काही चांगली दिसत नव्हती. पण तो खेळला असा, की धुळेकरही माना हलवायला लागले. मी चेंडूंकडे जवळजवळ बघितलंच नाही. शेठनी रुमाल काढला की मी दचके, मार्करने खडूला हात लावला की माझे डोळे तिकडे. डाव शेवटच्या काळ्या चेंडूवर आला. तो खिशात गेला की सामना आमचा. चेंडू सोपा होता.

त्याने मारला. चेंडू खिशाच्या तोंडाशी दोन्ही कडांना आपटला आणि बाहेरच थांबला. धुळ्याच्या मार्करने तो नुसता आत ढकलला.

सगळ्यांनी आधी शेठकडे बघितलं. शेठ मंद हसत होते. मग सगळ्यांनी मार्करकडे बघितलं. डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, "परत विकला गेला. दिसलं ना तुम्हाला?"

परतीच्या सर्व्हिस मोटारीत त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही. पारोळ्याला मोटार चहासाठी थांबली तेव्हा तो सरळ माझ्याकडे आला.

"वकीलभाऊ, तुम्ही ते देखी राह्यनथात. मी मुद्दाम चुकनू का?"

मी म्हणालो, "मला सांगता येत नाही."

"मांगे मी मुद्दाम चुकनू, तवय कोनलेच दिसनं नही. आज खरंच चुकनू, ते बठ्ठासले दिसनं."

हे वाक्य मला लागलं. त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. पण सवय ती सवय. मी विचारलं, "शेठ तुला भेटले होते का?"

मला वाटलं, आता हा नाही म्हणेल आणि मी ते खोटं धरीन.

"भेटना व्हता," तो म्हणाला. "कालदिन. मी त्याले नही म्हनं."

"कुणासमोर?"

"कोनीच नही. मी आनि शेठ."

साक्षीदार एकच, आणि तो शेठ. असा खटला कुठल्याच वकिलाने घेतला नसता. मोटारीने कर्णा वाजवला. तो मागच्या बाकावर जाऊन बसला.

तरी मी जळगावला आल्यावर शेठना गाठलं आणि स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्हाला काय वाटतं?" आणि तसेच मंद हसले. त्या हसण्याचे अर्थ मी कितीतरी लावले. मार्करने नकार दिला म्हणून शेठ हसत होते, की दिला नाही म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

मार्करवर क्लबाने पुन्हा बंदी घातली नाही. ठराव करायची गरजच पडली नाही, कारण पुढच्या सामन्याला त्याला कुणी बोलावलं नाही आणि तोही आला नाही. जिनिंगमधल्या गाठी तो उचलत राहिला.

त्याच वर्षी शेठ क्लबाचे अध्यक्ष झाले. एकमताने निवड झाली असं डॉक्टरांनी जाहीर केलं. मी उठून उभा राहिलो आणि माझं मत विरोधात आहे असं सांगितलं. शेठनी कारण विचारलं. कारण माझ्याकडे नव्हतं, नुसता संशय होता.