अडवलेला फोन
मोबाइलवरचा गेम ‘आधी इंटरनेट जोडा’ असं फर्मान सोडतो, तेव्हा मला साताऱ्यातली नव्वदच्या दशकाअखेरची एक दुपार आठवते. इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या लाईनवरून यायचं आणि कनेक्शन तुटलं की बुद्धिबळाचा डाव गेला, म्हणून मी तासभर घरचा फोन अडवून बसलो होतो. शेजारच्या काकू धापा टाकत आल्या. लढाईचे दिवस होते, त्यांचा मुलगा सीमेवर, आणि त्याच्याकडे नंबर आमचा. “बाराला करतो म्हनला हुता. आला न्हाई व्हय रं?” “नाही,” म्हणत मी कॉम्प्युटरमधून फोनची वायर उपटली. पुढचे दोन तास आम्ही त्या मुक्या फोनकडे बघत होतो. अखेर तो वाजला. काकू बोलल्या, हसल्या, डोळे पुसले. “येडं हाय. म्हनं, फोन लागंना, मला वाटलं घरीच काय तरी झालं!” लाईन कशानं अडली होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.